मुका असताना तापणारा डबा

ब्राह्मणपुरीच्या रतिलाल आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि भजनी मंडळातला त्यांचा खणखणीत आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज. जुनी रेकॉर्डिंग तेवढी होती. ती नीट ऐकवायची म्हणून मुलाने, ललितने, तळोद्याला रेडिओ-स्पीकरचं काम करणाऱ्या मयंककडून किट आणून क्लास ए अॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, जोडला.

पहिल्याच दिवशी त्याची बायको चारुलता चहा घेऊन आली नि थबकली. "गाणं बंद शे, तरी डब्बा तपी ऱ्हायना."

ललितने पाठीमागच्या, धग बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना हात लावला आणि चटकन मागे घेतला. त्याला कळेना. काम नाही, आवाज नाही, मग ही आग कशाची? आपलंच काहीतरी चुकलं, असं धरून त्याने ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणारा स्क्रू पार मागे फिरवला. डबा थंडगार झाला. त्याला हायसं वाटलं.

मग त्याने भजन लावलं. आबा कान देऊन बसले. हळू आळवलेल्या ओळी खरखरत, फाटत बाहेर येत होत्या. आबा कुजबुजले, "मी पयलेबी आसाच गाये का?"

ललित अंगणात गेला आणि त्याने मयंकला फोन लावून आवाज फाटतो ते सांगितलं.

"स्क्रू कमी कया व्हई तुम्ही, ललितभाऊ," मयंक म्हणाला. "दोन्ही ट्रान्झिस्टर कायम चालू पाहिजेत. एक जास्त देस तवय दुसरा कमी देस, पण बंद कोणीच पडत नै. तुम्हना आते आळीपाळीनं बंद पडी ऱ्हायनात. एक सोडस नि दुसरा धरस, त्या सांध्यावर आवाज फाटस."

"पण मुका असताना तपस का?"

"गाणं वाजो का ना वाजो, लाइटमधून तो कायम तितलंच खेंचस. गाणं वाजनं का थोडं स्पीकरले जास. नै वाजनं तं सगळं डब्बामाच ऱ्हास."

"म्हणजे वाजताना कमी तपाले पाहिजे?"

"हा."

ललितला हे उलटंच वाटलं. बैल गोठ्यात उभा राहून दमतो आणि नांगराला जुंपला की ताजा होतो, असं कुणी सांगावं तसं. तरी त्याने मीटर लावून स्क्रू मयंकने सांगितलेल्या आकड्यावर आणला. डबा पुन्हा तापला. तेच भजन पुन्हा लागलं, आणि आबांचा आवाज खोलीभर उभा राहिला, सरळ, स्वच्छ. आबांचे ओठ हलायला लागले. चारुलता दारातच उभी राहिली.

दोन भजनं चढ्या आवाजात झाल्यावर ललितने पात्यांना हात लावून पाहिला. थोडी का होईना, धग खरंच उतरली होती. त्याने पुन्हा हात लावला. तरी पटेना.

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं.

"आबा, हाऊ डब्बा लाइटमधून..." ललितने सुरुवात केली, मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

"ऱ्हाऊ दे," आबा कुजबुजले. "पुढलं लाव."