चौदा नंबरवरून आलेलं पत्र

मी टपाल पोचवणारा सर्व्हर बोलतोय. फार वेळ घेणार नाही. दुपारी भंगारवाला टेम्पो घेऊन येणार आहे.

केरळात त्रिशूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, नेटवर्किंगच्या लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं. दोन बंद पडलेल्या कॉम्प्युटरांचे सुटे भाग जोडून उषाकुमारी मिसनी मला उभं केलं. काम एकच: लॅबमधल्या तीस यंत्रांची पत्रं एकमेकांना पोचवायची.

मिस म्हणायच्या, "वेब पान मागायची रीत वेगळी, फाइल मागायची वेगळी, टपालाची वेगळी. या रीतींनाच प्रोटोकॉल म्हणतात. घोकू नका, करून बघा." मग पोरं एकेक आज्ञा हाताने टाइप करून माझ्याशी बोलत. आधी 'हेलो', मग पत्र कोणाकडून, कोणाला. दर वेळी मी २५० हा आकडा पाठवायचो. म्हणजे ठीक आहे, पुढे बोला.

इथेच माझी खोट आहे. जो जे नाव सांगेल ते मी खरं मानतो. हे दाखवायला मिसनी एकदा प्राचार्यांच्या नावाने स्वतःलाच पत्र पाठवलं: 'उद्यापासून सुट्टी.' पोरं पोट धरून हसली. "नावावर जाऊ नका," मिस म्हणाल्या. "पत्राच्या डोक्यावर सर्व्हरने लिहिलेली ओळ उघडा. पत्र कोणत्या यंत्रावरून आलं ते तिथे असतं." त्या दिवशी मला कोण अभिमान वाटला!

जिन्सी आठ नंबरच्या यंत्रावर बसायची, सफीना नऊवर. एका पळंपोरीचे, म्हणजे केळ्याच्या भज्याचे, दोन तुकडे करून खायच्या, तेही भांडून. "मोठा तुकडा तुझाच का गं?" "मी शहाणी आहे म्हणून!" जिन्सीचे अप्पा स्कूटरवरून मासळी विकायचे. ते तिने फक्त सफीनाला सांगितलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

चौदा नंबरवरच्या बिनोजने एकदा जिन्सीच्या अप्पांना मासळी विकताना पाहिलं होतं. मिसचा धडा झाला त्याच दिवशी त्याने सफीनाच्या नावाने जिन्सीला लिहिलं, 'तुझ्या वहीलाही मासळीचा वास येतो. उद्यापासून माझ्या शेजारी बसू नकोस.'

"लागेल रे तिला," शेजारचा म्हणाला.

"छे! आजच तर शिकवलंय. दोन मिनिटांत चोर पकडेल ती. हुशार आहे."

मी नेहमीसारखं २५० म्हटलं आणि पत्र पोचवलं. डोक्यावर चौदा नंबर लिहायला मी विसरलो नाही.

जिन्सीने ती ओळ उघडलीच नाही. आधी तिने आपली वही हळूच नाकाशी नेली. मग दप्तर उचलून शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

"जिन्सी, अगं झालं तरी काय?" सफीना तिच्यामागे धावली.

"काही नाही."

त्यानंतर दोघी कधी बोलल्या नाहीत. बिनोज घाबरला आणि तोंड शिवून बसला. परीक्षेत प्रश्न आला: खोट्या नावाचं पत्र कसं ओळखाल? जिन्सीला पैकीच्या पैकी गुण पडले. मिसनी तिचं उत्तर लॅबमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. ते ऐकताना माझा जीव तुटत होता. पण मला आकड्यांपलीकडे बोलता कुठे येतं?

नऊ वर्षं गेली. आता जिन्सी याच लॅबमध्ये शिकवते. मला मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा जुन्या टपालपेट्या पुसायचं काम तिच्याकडे आलं. आज सकाळी तिला आपली पेटी सापडली. पत्र तसंच होतं. आता सवयीने तिने वरची ओळ उघडली. चौदा. सफीनाचं यंत्र तर नऊ नंबरचं. मग जुना नंबर शोधून तिने फोन लावला.

"सफीना? मी जिन्सी."

तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"मला कुठलं पत्र माहीतच नव्हतं गं," सफीना म्हणाली. "तू अबोला धरलास त्याच्या आदल्या रविवारी तू आमच्याकडे जेवायला आली होतीस ना? मला वाटलं, उम्माच तुला काहीतरी टोचून बोलली. ती शपथेवर नाही म्हणायची, तरी मी तिच्याशी भांडत राहिले. कितीदा तोडून बोलले सख्ख्या आईला."

"मी येते. मी स्वतः उम्मांना सांगते."

"उम्मा गेली गं. दोन वर्षं झाली."

फोन बंद झाला. जिन्सी माझ्याशेजारी फरशीवर बसून आहे. माणसांनो, तुम्हाला तोंड आहे. अबोला धरण्याआधी एकदा विचारत जा, पाया पडतो.

टेम्पोचा हॉर्न वाजतोय आणि जिन्सीचा हात माझ्या बटणावर आहे. कर बंद, पोरी. ते पत्र माझ्या पोटात अजून शब्द न् शब्द तसंच आहे.