आयजमालच्या शिक्षणाची घोडी

मी एक म्हातारी घोडी आहे. रंगाने राखाडी, एका कानाला चीर, दात झिजलेले. पण मित्रांनो, एके काळी मी एका मुलीचे कॉलेज होते.

नारीनच्या डोंगरात तोक्तोसुन नावाच्या मेंढपाळाने मला विकत घेतले, तेव्हा त्याची लेक आयजमाल पहिलीत होती. शाळेतल्या मास्तरांनी त्याला पैसे बँकेत ठेवायला सांगितले होते. "मास्तर, बँकेतला पैसा बर्फ उकरून चरतो का?" असे म्हणून तो मला घरी घेऊन आला.

त्याचे गणित सोपे होते. मी मुद्दल, माझी शिंगरे व्याज. शिंगरांना शिंगरे झाली की व्याजावर व्याज. आयजमालची शाळा संपेपर्यंत मला सोडून आठ घोडे झाले, की राजधानीतल्या, बिश्केकच्या वैद्यकीय कॉलेजचा खर्च निघाला. दर वसंतात बापलेक माझ्या गव्हाणीशी हिशेबाला बसत.

"बाबा, नर झाला तर तो व्यायचा नाही. वेगळा धरा."

"धरला."

"एक लांडग्यांचा?"

"दोन धर. लांडगे काय उपाशी राहणार आहेत?"

"आणि वाईट हिवाळ्याचा एक?"

"तोही वजा कर."

"मग आठ उरतात, बाबा."

लोक मला डॉक्टरीणबाईंची घोडी म्हणत आणि मी माजाने मान ताठ करी.

आठचे आठ झाले. शाळा संपायच्या वर्षी तोक्तोसुनच्या छातीत दुखू लागले. तो गोठ्यात आला, माझ्या मानेला कपाळ टेकून म्हणाला, "मी गेलो तर माझ्या नावाने एक मेंढी पुरे. घोडे पोरीचे." दुसऱ्या दिवशी तो गेला.

आमच्याकडे माणूस गेला की घोडा कापून गावाला जेवण घालतात. दफनाला, सातव्याला, चाळिसाव्याला, वर्षाला. तोक्तोसुनची बायको बुरूल आपल्या थोरल्या दिराला म्हणाली, "भावजी, एकच कापा. जास्त त्यांना आवडलं नसतं."

"तो तसं बोलला होता तुला?"

"नाही," बुरूल खरे तेच बोलली.

दीर काही वाईट माणूस नव्हता. रडून रडून त्याचेही डोळे सुजले होते. "बुरूल, दारात आठ घोडे असताना भावाला भिकाऱ्यासारखं पोचवू? लोक तोंडात शेण घालतील. कॉलेज पुढल्या वर्षी होईल. माझा भाऊ पुन्हा मरणार नाही."

वर्षभरात आठही गेले. माझ्या थोरल्या लेकीचा दोर आयजमालनेच सोडून काकाच्या हातात दिला. असे जेवण या खोऱ्यात झाले नाही, असे सगळे म्हणाले. मी गाभण होते म्हणून वाचले.

मला शिंगरू झाले. आयजमाल गव्हाणीशी येऊन बसली. स्वतःला उशीर झाला, पुढेमागे होणाऱ्या लेकीसाठी तरी, म्हणून बोटांवर मोजू लागली. "एक नर. दोन लांडग्यांचे. एक हिवाळ्याचा." तेवढ्यात घरात बुरूल खोकली. आयजमाल थांबली आणि हळूच म्हणाली, "आठ आईचे."

पुढे तिने मोजले नाही.

मित्रांनो, कुणासाठी साठवत असाल तर ते चारचौघांत मोठ्याने सांगून ठेवा. तोक्तोसुनने ते फक्त माझ्या कानात सांगितले, आणि मला बोलता येत नव्हते.