टाचा टेकवून

आमच्या घरातल्या खुर्च्यांना मोजे घातलेले होते. खुर्च्या दोनच, पण आठही पायांना माझे आणि मुलाचे जुने मोजे, वरून दोऱ्याने घट्ट बांधलेले. सरकवली तरी आवाज होऊ नये म्हणून. स्टीलची ताटं चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली होती आणि जेवायला प्लास्टिकच्या थाळ्या होत्या. कुकरची शिटी व्हायला आली की सूनबाई गॅस बंद करायची, त्यामुळे बटाटा कायम दाताखाली कचकचायचा. मला शिंक आली की आधी उशी शोधायची, मग शिंकायचं. तोवर अर्ध्या शिंका परत जायच्या.

माझा जन्म पत्रे ठोकण्यात गेला. कारखान्यात शेजारच्याकडे पाणी मागायचं तरी बोंबलावं लागायचं. तोच मी घरात ‘चहा झाला का’ एवढंसुद्धा कुजबुजत विचारायचो, जणू चोरीचा बेत सांगतोय. सूनबाई बसस्थानकावर माईकवर गाड्या पुकारते. चुकीच्या गाडीत चढणारा माणूस तिच्या एका हाकेवर पायरीवरचा पाय मागे घेतो. पण घरी आली की ती बाई जिन्यातच चपला हातात घ्यायची आणि चवड्यांवर आत यायची.

हे सगळं खालच्या मालकांमुळे. घर त्यांचं, वरचा मजला आमच्याकडे भाड्याने. वरची जमीन लाकडी फळ्यांची, आणि मालक एकटे. जाळी काढायची लांब काठी त्यांच्या पलंगाशी उभी असायची. वर जरा काही वाजलं की खालून छताला काठी बसायची. ठक ठक. दोनदाच. ती वाजली की आम्ही जिथल्या तिथे पुतळे.

“चांगली जागा आहे,” मुलगा म्हणायचा. तो गोदामात कामाला आहे, स्वभावाने भित्रा नाही, पण भांडणापेक्षा वळसा बरा म्हणणारा. “उजेड आहे, कामावर चालत जाता येतं. जरा हळू राहिलं तर काय बिघडतं?”

काय बिघडतं ते आम्हाला कळायला दोन वर्षं गेली.

माझी नात याच घरात वाढली. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण ती मागे येऊन कधी उभी राहिली ते समजायचंच नाही. आम्हाला त्याचं कौतुक. येणारेजाणारेही म्हणायचे, काय गुणाची पोर, रडतसुद्धा नाही! तिच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही चौघंच होतो. मेणबत्ती विझवली आणि दोन बोटं तळहातावर आपटून टाळ्या वाजवल्या. मी तिच्यासाठी पत्र्याची गाडी केली होती, दोरीने ओढायची. चाकांच्या पोटात खडे घातले होते, चांगली खडखडावी म्हणून. हाताला सवय तीच, डोक्याने विचार केलाच नाही. मुलाने ती एकदा फळ्यांवरून ओढून दाखवली, तेवढ्यात ठक ठक. गाडी फडक्यात बांधून माळ्यावर गेली.

दुसरा वाढदिवस जवळ आला तेव्हा सूनबाई मुंगीला लस टोचायला घेऊन गेली. सोबतीला मी. टोचून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मुंगीला खाली सोडलं. मुंगी चवड्यांवर चालत टेबलाला वळसा घालून आईकडे आली. टाच एकदाही जमिनीला लागली नाही.

“नेहमी अशीच चालते?” बाईंनी विचारलं.

“हो,” सूनबाई म्हणाली. कुजबुजत. दवाखान्यातसुद्धा.

बाईंनी मुंगीचे घोटे वळवून पाहिले, तळवे दाबले. “पाय चांगले आहेत. बोलते का?”

“बोलते की. कानात बोलते.”

“म्हणजे?”

“कानाशी येऊन बोलते. मोठ्याने नाही बोलत.”

बाईंनी सूनबाईच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तुम्ही जरा दारापर्यंत जाऊन या बघू.”

“मी?”

“तुम्हीच.”

सूनबाई दारापर्यंत गेली आणि परत आली. चवड्यांवर. बाईंनी माझ्याकडे नजर वळवली. मी उठलोच नाही, पण बसल्या जागी माझ्याही टाचा वर होत्या. मी त्या हळूच खाली टेकवल्या, तरी बाईंनी पाहिलंच.

“पोरीला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “घरचे चालतात तशी चालते.”

परतीच्या वाटेवर मुंगी सूनबाईच्या खांद्यावर झोपली. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, हातपाय धुऊन बसला, तेव्हा सूनबाई म्हणाली, “वाढदिवसाला माणसं बोलवायची.”

“किती?”

“मावतील तेवढी.”

“अगं, वेड लागलंय का तुला? खाली...”

“खालच्यांनाही बोलवणार.”

“ते घालवतील आपल्याला. मग कुठे जायचं मूल घेऊन?”

“मूल घेऊनच जाऊ ना,” सूनबाई म्हणाली. “सध्या ते आपण घराबाहेरच ठेवलंय.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी तिला समजवावं म्हणून. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच खाली गेली. मालकांनी दार वीतभर उघडलं, आमंत्रण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला गर्दी सोसत नाही. तुमचं काय ते करा, पण आवाज नको.” दार लागलं.

वाढदिवसाच्या सकाळी सूनबाई कात्री घेऊन जमिनीवर बसली. खुर्च्यांच्या पायांचे दोरे कापले आणि मोजे एकेक ओढून काढले. आठ मोज्यांचा ढीग झाला. माझे त्यातले तीन अजून घालण्यासारखे होते, ते मी उचलून ठेवले. मग तिने पलंगाखालून ताटं काढली. मुलगा हे सगळं दाराशी उभा राहून बघत होता. “निदान दुपारनंतर तरी...” असं काहीतरी पुटपुटला आणि केक आणायला निघून गेला.

दुपारी माणसं आली. सूनबाईचा भाऊ, ट्रक चालवणारा. स्थानकावरच्या तिकीटवाल्या दोघी, पोराबाळांसकट. आणि माझा कारखान्यातला जोडीदार, ज्याला आम्ही ठोक्या म्हणतो. हातोड्याने त्याचे दोन्ही कान नेले, म्हणून तो साध्या गोष्टीही भाषणासारख्या सांगतो. “केक कुठला?” त्याने जिन्यातूनच गर्जना केली. मी फळ्यांकडे कान लावला, पण खाली सामसूम होती.

मामाने आल्या आल्या भाचीला उचललं आणि वर उडवून झेललं. मुंगीला हसू फुटलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. खांदे गदगदा हलत होते, आवाज मात्र बाहेर नाही.

“ताई, ही हसतेय की हिला उचकी लागलीय?” मामा म्हणाला.

सगळे हसले. सूनबाई हसली नाही. तिने मुंगीचे हात तोंडावरून काढले, तर ते परत गेले.

मेणबत्त्या दोन. मुंगीने फुंकल्या, एक बापाच्या मदतीने विझली आणि टाळ्या पडल्या. पुरे पंजे उघडून वाजवलेल्या, खऱ्या टाळ्या. मुंगी दचकली. तिने सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन बोटांकडे पाहिलं.

ठक ठक.

आम्ही चौघं पुतळे झालो. सूनबाईच्या हातात सुरी तशीच, मुलाच्या हातात काडेपेटी. मुंगी तर पापणीही हलवेना. पाहुण्यांना काय माहीत! त्यांच्या टाळ्या चालूच होत्या.

“कोण आलंय? दार उघडा की,” मामा म्हणाला.

“दारात नाही, खाली,” मी म्हणालो.

“खाली दुरुस्ती चाललीय?”

“काय म्हणतोय तो?” ठोक्या ओरडला. “केक संपला?”

सूनबाईने सुरी ठेवली. स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि माळ्यावरून ते फडकं काढलं. गाठ सोडली. गाडीच्या पत्र्यावर धूळसुद्धा बसली नव्हती. दोरी तिने मुंगीच्या दोन्ही मुठींत दिली आणि मला म्हणाली, “बाबा, खिडकीशी जा आणि तिला हाक मारा. कारखान्यातली हाक मारा.”

मी मुलाकडे पाहिलं. त्याने हातातली काडेपेटी खिशात टाकली. मी खिडकीशी गेलो. पहिली हाक घशातच चिरकली, इतके दिवस वापर नव्हता. दुसऱ्या वेळी छाती भरून घेतली.

“ए मुंगे! आण गं गाडी इकडे!”

काचा थरथरल्या. मुंगी निघाली. चवड्यांवरच, पण निघाली. मागून गाडी फळ्यांवर अशी खडखडली की तिकीटवाल्यांची पोरं उठून तिच्या मागे पळाली. खोलीच्या मध्यावर ती आली आणि बरोबर तिच्या पायांखाली काठी बसली. ठक ठक! या वेळी जोरात.

मुंगी थांबली. पायांच्या मधल्या फळीकडे वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत होती. मग तिने एक पाय उचलला आणि अख्खा, टाचेसकट, खाली आपटला. धप. मग दुसरा. धप.

जेवढं विचारलं तेवढंच उत्तर.

आणि ती हसली. हातात दोरी होती, तोंडावर जायला हात मोकळाच नव्हता. ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं. बारीक नव्हतं ते. जाडंभरडं, पोटातून येणारं, आमच्या घराण्याचं हसू होतं.

जिन्यावर पावलं वाजली. मालक दारात उभे राहिले, काठी हातातच.

“मी आवाज नको म्हणालो होतो.”

“या ना काका,” सूनबाई म्हणाली. आता तिचा आवाज स्थानकावरचा होता, चारी फलाटांना पुरेल असा. “वाढदिवस आहे. केक घ्या.”

“मी काठी वाजवतोय, ऐकू येत नाही?”

“येतं की. दोन वर्षं या घरात तेवढंच ऐकू येत होतं.”

मालकांचा चेहरा लाल झाला. “महिनाअखेर जागा रिकामी करा.”

मुलगा पुढे झाला. मला वाटलं, आता माफी मागणार. माफीचं वाक्य त्याच्या जिभेवर तयारच असायचं.

“करतो,” तो म्हणाला. “पण महिना संपेपर्यंत पोरगी इथे चालणार. टाचा टेकवून चालणार. तुम्ही वाजवा काठी, ती उत्तर देईल.”

सूनबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नातही नीट पाहिलं नव्हतं.

“आणि मी काय करू?” मालक म्हणाले. तेवढं एक वाक्य ते जरा माणसासारखं बोलले.

“कानात कापूस घाला!” ठोक्या म्हणाला. त्याला एवढंच नेमकं ऐकू आलं होतं. “मला बघा, काही त्रास नाही!”

सूनबाईने केकचा तुकडा ताटलीत घालून पुढे केला. मालकांनी घेतला नाही. वळले आणि गेले. जिना उतरताना त्यांच्या चपला केवढ्या वाजल्या! दोन वर्षांत त्याबद्दल त्यांना कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

पाहुणे दिवस मावळल्यावर गेले. मुलगा हिशेब लावत बसला, कुठे विचारायचं, कुणाला सांगायचं. “अशी जागा मिळणं कठीण आहे,” तो म्हणाला.

“अशी नकोच आहे,” सूनबाई म्हणाली. “जमिनीला लागून बघा. खाली फक्त माती असू दे.”

तिने कुकर चढवला. मी मुंगीला मांडीवर घेऊन बसलो होतो. थोड्या वेळाने कुकर सुसवायला लागला आणि सूनबाईचा हात सवयीने बटणाकडे गेला. तिथेच थांबला. मग तिने तो हात पदराला पुसला आणि मागे घेतला.

शिटी झाली. केवढी लांब! खालून काठी वाजली. मुंगी मांडीवरून उतरली, खोलीच्या मध्ये गेली, आपली फळी शोधली आणि उत्तर दिलं.

त्या दिवशी बटाटे पुरते शिजले होते.