दृष्ट काढलेल्या तीन पट्ट्या

"सूर्य यापुढे माणसाच्या घरी नोकरीला राहणार आहे," असं अश्लेषाने शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केलं. मानवजातीच्या इतिहासात त्या क्षणी एक पान उलटलं, असं म्हणायला हरकत नव्हती.

"मग आज काहून सुट्टी दिली त्याला?" आईने विचारलं. "तुझे मोजे मंगळवारपासून ओले आहेत."

आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये नऊ दिवस ऊन पडलं नव्हतं. मोजे हीटरवर होते, आणि सूर्याला कामाला लावणारी यंत्रणा टेबलावर प्लास्टिकच्या डब्यात होती: स्टीलच्या सहा पातळ पट्ट्या, तीन वर, तीन खाली, मध्ये कागद. अशा पट्टीवर तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमचा केसाहून पातळ थर चढवला की ती उजेडातून वीज करते. म्हणजे, करायला हवी. अश्लेषाच्या पट्ट्या दीड वर्ष अडून बसल्या होत्या: पडलेल्या उजेडाच्या फक्त नऊ टक्के वीज. पुढच्या शुक्रवारी समितीला अकरा टक्के दाखवले तर प्रकल्पाला आणखी एक वर्ष. नाही तर अर्धा प्रबंध बॅगेत घालून नागपूर.

सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे देशभर सुट्टी. प्रयोगशाळा मंगळवारपर्यंत बंद, आणि तिथली हवा दमट. धुऊन पुसून तयार केलेल्या पट्ट्या डागाळतील म्हणून तिने त्या घरी आणल्या होत्या.

"हात लावू नकोस हं, आई. यांच्याइतकं स्वच्छ या घरात काही नाही."

"माझा ओटा बघ आधी," प्रभाताई म्हणाल्या. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या प्रभाताई इथल्या मिठाला चव नसते असं ऐकून मीठसुद्धा नागपूरहून घेऊन आल्या होत्या.

शनिवारी अश्लेषा दुकानातून परतली तेव्हा घरातला धुराचा अलार्म ठणाणा करत होता. "पापड जळला," आई म्हणाली. पापड मात्र कुठे दिसला नाही.

मंगळवारी थर चढले. बुधवारी पट्ट्या दिव्याच्या कृत्रिम उन्हाखाली ठेवल्या. तीन पट्ट्यांनी इमानाने नऊ दाखवले. उरलेल्या तिघींनी साडेबारा.

तिचे मार्गदर्शक फर्गल यांनी आकडे दोनदा तपासले. मग म्हणाले, "ग्रँड." आयर्लंडमध्ये 'मस्त' अशा अर्थाचा हा शब्द पाय मोडल्यावरही वापरतात, त्यामुळे अश्लेषाला काहीच कळलं नाही.

"या तिघींना वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही. या डब्यात वरती होत्या, एवढंच." असं म्हणून तिने रिकामा डबा तिरका केला. कोपऱ्यातून एक मोहरी घरंगळत आली.

तिने घरी फोन लावला.

"आई, माझा डबा उघडलास?"

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"नुसता उघडला गं."

"आणि?"

"दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दीड वर्ष अडून बसल्यात म्हणालीस ना? कोणाची तरी नजरच असणार! मग शेगडीवर टाकल्या, तर ते छतावरचं मेलं बोंबललं."

"सगळ्यांची काढलीस?"

"वरच्या तिघींची. खाली अजून आहेत हे मला काय माहीत? हात ओला होता, थोडं मीठ सांडलं. पुसलं मी पदराने."

अश्लेषा खुर्चीत बसली. मीठ म्हणजे सोडियम. काचेवर थर चढवला की काच आपलं सोडियम गुपचूप वर पाठवते आणि थराची वीज सुधारते. स्टीलकडे द्यायला सोडियम नसतंच. हे तिला पाठ होतं. म्हणून ती ते देतही होती, पण थर पूर्ण झाल्यावर, वरून. आईच्या ओल्या हाताने आणि पदराने ते पट्टीभर पसरून आधीच, खालून दिलं होतं.

"मग बरोबरच आहे," सगळं ऐकून आई म्हणाली. "चकलीचं मीठ भाजणीत घालतात, बाई. तळून झाल्यावर वरून भुरभुरवून काय उपयोग?"

अश्लेषाने फर्गलना सगळं सांगितलं, नजर, ओवाळणं आणि पदरासकट. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे तुलनेसाठी तीन पट्ट्या तुझ्या आईने कोऱ्या ठेवल्या," फर्गल गंभीरपणे म्हणाले. "माझे विद्यार्थी नेमकं तेच विसरतात. मीठ घेऊन ये. त्यात आणखी काय आहे ते पाहू."

मिठाची पिशवी त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटात गेली, नमुना क्रमांक एक म्हणून. अश्लेषाने नव्या सहा पट्ट्या घेतल्या आणि शुद्ध सोडियम क्षाराचा मोजूनमापून थर आधी, खाली दिला. सहाही पट्ट्या बाराच्या पुढे गेल्या. शुक्रवारी समितीने वर्ष दिलं.

घरी येऊन अश्लेषा आईच्या पाया पडली. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच, त्यामुळे दोघींचीही जरा तारांबळ उडाली.

"आई, प्रबंधाच्या आभारात पहिलं नाव तुझं असेल. समितीपुढेही सांगितलं मी. तू नसतीस तर आज मी तिकीट काढत बसले असते."

प्रभाताईंनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले. त्याच पदराने.

"छान झालं गं माझ्या पोरी. सूर्याचं काय ते बघ तू," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी येताना माझी मिठाची पिशवी तेवढी परत आण. बुधवारपासून वरण अळणी खाऊन राहिलो आपण."