मी आहे, बोला

"काका, वाजता ठेवू की थरथरता?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

देओक्बेने आधी तिच्याकडे आणि मग काउंटरवरच्या पेजरच्या त्या काळ्या डबीकडे पाहिलं. एवढ्याशा डबीपायी बायकोने त्याला टॅक्सी बाजूला लावून दुकानात ओढत आणलं होतं.

"वाजू दे."

"पासवर्ड सांगा. चार आकडे, विसरणार नाही असे."

त्याने विचार न करताच आकडे सांगून टाकले, आणि सांगितल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही लेकीची, हेरानची जन्मतारीख. शेजारी उभ्या असलेल्या माल्सुनने, म्हणजे त्याच्या बायकोने, लगेच तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं, पुढचं काही तिने ऐकलंच नाही.

"आता तुमचा आवाज भरायचा," मुलगी म्हणाली. "कुणी तुमच्या नंबरवर फोन केला की आधी तुमचा आवाज ऐकू येणार, मग टूं वाजणार, मग समोरच्याने स्वतःचा नंबर दाबायचा. तो नंबर इथे उमटतो. बोलणं काही साठत नाही हं काका, त्याचे पैसे वेगळे पडतात. फक्त नंबर. नंबर दिसला की तुम्ही कुठूनही उलट फोन करायचा. कळलं?"

"हं."

"आत्ता भरता का आवाज?"

"नको." परक्या पोरीसमोर यंत्राशी बोलायची त्याला लाज वाटली.

पूर्वेकडच्या पुसानच्या पुरुषांना शब्द खर्च करणं जिवावर येतं, पण देओक्बे त्यांच्यातलाही महाचिक्कू. गिऱ्हाईक टॅक्सीत बसलं की "कुठे?", उतरलं की "बरं". घरी आल्यावर "जेवण?" एवढं विचारलं की त्याचा दिवस मिटला. जन्मात एकदाच तो एक लांबलचक वाक्य बोलला, आणि तेही बोलू नये तिथे. एकुलती एक लेक पश्चिमेकडच्या ग्वांग्जूच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, "त्या पश्चिमेकडच्याशी लग्न करणार असशील, तर या घराचं दार तुला बंद."

मुलगा वाईट नव्हता. छापखान्यात कामाला होता, दारूही बेताने प्यायचा. पण पूर्वेकडच्यांनी आणि पश्चिमेकडच्यांनी एकमेकांबद्दल मनात काय काय भरून ठेवलंय ते उपसायला बसलं तर रात्र पुरायची नाही. खुद्द देओक्बेला धड कारण विचारलं असतं तर त्याची बोबडी वळली असती. हेरान निघून गेली. दोन वर्षं झाली. दार बंद म्हणणाऱ्याने पुढची दोन वर्षं त्याच दाराचा आवाज ऐकण्यात घालवली, पण हे तो कुणाला सांगणार?

हेरान फोन करायची ती आईला. जागाल्छी बाजारात माल्सुनचा सुक्या मासळीचा गाळा होता आणि शेजारच्या बर्फवाल्याकडे फोन होता, तिथे. लेकीच्या खोलीत फोन नव्हता, ती रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनच्या डब्यातून बोलायची. त्यामुळे फोन यायचा तो तिकडूनच. आणि या उन्हाळ्यात तिने सांगितलं की तिला दिवस गेलेत, शरदात बाळंत होईल.

"मी जाणार बाळंतपणाला," माल्सुनने त्या रात्रीच जाहीर केलं. "तुम्ही बसा इथे नूडल्स उकळत. आणि एक पेजर घ्या. नंबर मी तिला देते. फोन करायचा की नाही ते ती ठरवेल, उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

म्हणून पेजर आला. दुसऱ्या दिवशी टॅक्सीतळाजवळच्या कॉफीच्या दुकानातून देओक्बेने आवाज भरला. काय बोलावं यावर बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी जन्मभर फोन उचलल्यावर जे म्हणत आला तेच म्हणाला. "मी आहे. बोला." मागून दोन टॅक्सीवाल्यांचे हॉर्न वाजले, समुद्रपक्षी ओरडले, तेही भरलं गेलं. काम फत्ते झालं असं समजून त्याने पेजर कमरेला लावला.

आठवडा गेला. मासळीच्या व्यापाऱ्यांचे नंबर आले, विमानतळाची दोन भाडी मिळाली. ग्वांग्जूचा नंबर काही आला नाही. सिग्नलला थांबला की तो डबी हातात घेऊन बघायचा. आपण लेकीच्या फोनसाठी झुरतोय, हे त्याला आता स्वतःपासूनही लपवता येईना.

आणि एका संध्याकाळी माल्सुन घरी आली ती चप्पल न काढताच गरजली, "तुम्ही माणूस आहात का दगड?"

"काय झालं?"

"काय झालं? पोरीने तुम्हाला फोन केला! बिचारी रडत रडत सगळं बोलली म्हणे. लग्नाचं बोलली, तुमच्या आठवणींचं बोलली, पोटातल्या पोराचं बोलली. आणि तुम्ही? तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. गप ऐकून घेतलंत आणि फोन ठेवलात!"

"तिने फोनच केला नाही."

"खोटं बोलू नका! 'मी आहे, बोला' म्हणालात, एवढंच. मागे गाड्या वाजत होत्या म्हणे. आजचा फोन शेवटचा, ती आता कुणालाच फोन करणार नाही, मलाही नाही. म्हणाली, आई, बाबांनी सगळं ऐकलं आणि तरी त्यांना काही वाटलं नाही."

 देओक्बेने शपथ घेतली, तरी माल्सुनचा विश्वास बसेना. तीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाने अजून एकदा गप्प बसल्याचं तिला काय नवल? त्या रात्री त्याला जेवण मिळालं नाही, आणि त्याने मागितलंही नाही.

सकाळी तळावर पिल्गू त्याच्यावर धावून आला. पिल्गू त्याच्याच तळावरचा, वयाने लहान आणि तोंडाने फाटका.

"दादा, एवढा माज? काल मी तुला विमानतळाचं भाडं सांगत होतो! तू 'मी आहे, बोला' म्हणालास, मी बोलत सुटलो. गिऱ्हाईक कोण, सामान किती, कुठल्या दाराशी उभं राहायचं, सगळं. आणि तू बुद्धासारखा गप! मध्ये काहीतरी टूं वाजलं, मला वाटलं तुझ्या मागे ट्रक आहे. शेवटी लाइन कट! दे ना शिव्या, पण हो-नाही तरी म्हण!"

 देओक्बेने टॅक्सीचं दार उघडलं, आत बसला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

"दादा? अरे, एका भाड्यासाठी काय रडतोस?"

"मी नव्हतो," देओक्बे म्हणाला. "मशीन होतं. पिल्गू, माझ्या लेकीनेही तुझ्यासारखंच..."

 पिल्गूला कळायला क्षणभर लागला. दुसऱ्या कुणाच्या पेजरवर अशी चूक झालीच नसती. दुसरा कुणी बाप एवढा वेळ गप्प राहिला असता तर लेक म्हणाली असती, बाबा, लाइन गेली का? याच्याच लेकीला ती शांतता बापाची वाटली. हेच त्याला काळजात लागलं होतं.

पिल्गूने स्वतः बाजारात जाऊन माल्सुनला सगळं सांगितलं, अभिनयासकट. ती आधी हसली, मग तिथेच सुक्या मासळीमध्ये बसून रडली.

आता हेरानला सांगायचं कसं? तिच्याकडे फोन नाही आणि ती करणार नाही. गाडी काढून ग्वांग्जूला जावं हे देओक्बेच्या मनात दहादा आलं. पण ज्याने आपलं दार लावून घेतलं, त्याने तिच्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? तिने बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलं.

माल्सुनने बाळंतिणीच्या सूपासाठीचं वाळवलेलं समुद्रशेवाळ विकत घेतलं, पुरुषभर लांब, गवताच्या दोरीने बांधलेलं. बाळंतिणीचं शेवाळ मोडायचं नाही, दुमडायचं नाही, नाहीतर बाळंतपण अडतं. त्यामुळे ते टॅक्सीत तिरकं घालावं लागलं आणि टोक खिडकीबाहेर आलं. एक गिऱ्हाईक हात दाखवत होतं, त्याला देओक्बेने ओरडून सांगितलं, "आज नाही, बाळंतपण आहे!" ग्वांग्जूच्या बसमध्ये ते त्याने स्वतःच्या हाताने आडवं ठेवलं आणि ड्रायव्हरला लेकीचा पत्ता देऊन बजावलं, "मोडू देऊ नका हं." शेवाळाला माल्सुनने चिठ्ठी बांधली होती. बाबांच्या पेजरवर एकदा फोन कर. बोलू नकोस, फक्त ऐक.

मग तो कॉफीच्या दुकानात गेला आणि सगळ्यांच्या देखत नवा आवाज भरला.

"हे मशीन आहे. मी नाही. हेरान, त्या दिवशी तू जे बोललीस ते मी ऐकलं नाही. मशीनने ऐकलं. माझी चूक झाली. त्या दिवशीची नाही, दोन वर्षांपूर्वीची. दार उघडं आहे. जेह्वानलाही घेऊन ये. बाकीच्यांनी आपापला नंबर दाबा."

जावयाचं नाव त्याने पहिल्यांदाच उच्चारलं. माल्सुन शेजारी उभी होती. तिने त्याच्या खिशात एक उकडलेलं अंडं घातलं.

आणि मग काय, सगळ्या पुसानला ते ऐकू जायला लागलं. व्यापारी, विमानतळाची गिऱ्हाइकं, विमा एजंट, जो फोन करी त्याला आधी देओक्बेची कबुली ऐकावी लागे. काही जण तर नंबर न दाबता नुसतं ऐकूनच फोन ठेवायचे. मासळीची एक व्यापारीण गाडीत बसता बसता विचारायची, "काय हो, आली का लेक?" पिल्गू तळावर त्याची नक्कल करायचा आणि सगळे लोळायचे. देओक्बेचे कान लाल व्हायचे. पण आवाज त्याने पुसला नाही. लाज वाटायची ती वाटू दे, लेकीने ऐकलं पाहिजे.

पेजर वाजला की तो गाडी बाजूला घ्यायचा, आणि नंबर पुसानचाच निघायचा. माल्सुन रोज त्याच्या तोंडाकडे बघायची आणि भात वाढायची.

एका दुपारी, बाजारासमोर गाडी उभी असताना, पेजर वाजला. नंबरच्या सुरुवातीला ग्वांग्जूचा कोड होता. देओक्बे दार उघडं टाकून कॉफीच्या दुकानात घुसला. फोनपाशी रांग होती. रांगेतल्या पहिल्या बाईने त्याच्या हातातल्या डबीकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"तुम्हीच ना ते? लेकीचे बाबा? करा, करा, आधी तुम्ही करा!"

तिकडे नर्सने फोन उचलला. "प्रसूतिगृह. कोण?" आणि मग मोठ्याने, "पुसानला पेज कुणी केलंय?"

पावलं वाजली. कुणीतरी धापा टाकत रिसीव्हर घेतला. 

"बाबा?" हेरान म्हणाली. "तुम्ही आहात की मशीन?"

 देओक्बेने किती दिवस काय काय ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मीच आहे. बोल."

"आईला घेऊन या बाबा. कळा सुरू झाल्यात, डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. तुम्हीपण या. येताय ना?"

"निघालोच."

"थांबा, ठेवू नका. त्या दिवशी मी म्हटलं होतं, की मला भीती वाटते. म्हटलं होतं, लहानपणी ताप आला की तुम्ही टॅक्सी बंद ठेवून उशाशी बसायचा, काही बोलायचा नाही, पण बसायचा..."

ती पहिल्यापासून सगळं सांगू लागली, मध्येच कळ आली की थांबायची. आणि देओक्बे, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून, तिच्या प्रत्येक वाक्याला मोठ्याने "हं" म्हणत राहिला, म्हणजे तिला कळेल की इकडे बापच आहे.