पांढऱ्या कावळ्याचा डोळा

कामोझाकी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तामेजी होसोगाय यांच्या हातच्या, आणि त्यांतल्या एकाही पाटीवर खाडाखोड नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. सांगायचं काम त्यांची बायको मित्सुए करी, आणि तेही समोरच्याने विचारलेलं नसताना. छापील पाट्यांचे दिवस आले तसं तामेजींनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुकान बंद केलं, ब्रश धुतले, ड्रॉवरमध्ये ठेवले आणि टोमॅटो लावायला घेतले. टोमॅटो काही धड येत नव्हते, पण त्यांची पाटी नसल्यामुळे कोणाला कळत नव्हतं.

अशात गावच्या फुटबॉल संघाने एक अचाट काम केलं. तीस वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या लीगमध्ये घुटमळून तो एकदम पहिल्या लीगमध्ये चढला. फेब्रुवारीच्या एका बर्फाळ सकाळी टोफूवाली चिगुसा शिगेमात्सु दारात उभी राहिली. उत्तर स्टँडमध्ये भोंगा घेऊन चौदा हजार माणसांना ओरडायला लावणारी बाई ती हीच. हातात टोफूचा डबा होता.

"होसोगाय-सान, शेवटचा एक बॅनर. अठरा मीटर लांब."

"मी आता काम करत नाही, ची-चान."

"माहीत आहे. म्हणून तर टोफू आणलाय. काम करणाऱ्याला पैसे देतात, निवृत्त माणसाला टोफू."

टोफू परत करणं बरं दिसलं नसतं. शिवाय खरं सांगायचं तर त्यांचा हात शिवशिवत होता.

दर हिवाळ्यात गावाभोवतीच्या भातखाचरांत हजारो हंस उतरतात, म्हणून संघाचं नाव हंस. बॅनरवर चार अक्षरं लिहायची होती: उड, हंसा. शाळेच्या जिममध्ये जमिनीवर कापड अंथरून, पायात नुसते मोजे घालून, तामेजींनी चार संध्याकाळी केरसुणीएवढ्या ब्रशने ती लिहिली. चिगुसा रंगाचे डबे उचलायला आणि फरशी पुसायला होती; कापडाला लागून उभं राहून तिला एवढी मोठी अक्षरं धड वाचता येत नव्हती. तिला, किंवा मित्सुएलाही, त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं आणि आता डावाही त्याच वाटेने निघाला होता. डॉक्टरांनी मोतीबिंदू म्हणून कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद ब्रशांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी गेला आणि घरी "वयाच्या मानाने उत्तम आहेत डोळे" एवढंच पोचलं.

जपानी लिपीत हंस हा शब्द दोन चित्राक्षरांत लिहितात, 'पांढरा' आणि 'पक्षी'. 'पक्षी' या अक्षराच्या डोक्यात एक लहानशी आडवी रेघ असते, तो त्याचा डोळा. ती रेघ गाळली की त्याच अक्षराचा कावळा होतो. कावळा इतका काळा, की त्याचा डोळा दिसतच नाही, म्हणून त्याला रेघ नाही, असं मास्तर शाळेत सांगतात आणि ते पोरं जन्मात विसरत नाहीत. शाळकरी पोर करणार नाही अशी ही चूक आहे. तामेजींनी ती अठरा मीटरवर केली.

मार्चमधला घरच्या मैदानावरचा पहिला सामना. मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग होते. समोर राजधानीतला गडगंज संघ आणि त्यांचे दोन हजार पाठीराखे. उत्तर स्टँडसमोर बॅनर उलगडला, पाहुण्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या कोपऱ्यातून एक आवाज आला, "काव". मग दोन हजार जण काव काव करायला लागले.

"हे काय ओरडताहेत?" तामेजींनी विचारलं.

मित्सुएने बॅनरकडे बराच वेळ पाहिलं. थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या पक्ष्याला डोळा नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तामेजींना झालं. पन्नास वर्षं खाडाखोड न करणाऱ्या माणसाने शेवटच्या कामात सगळ्या देशाला हात दाखवून अवलक्षण केलं होतं. मध्यंतरात स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार चिगुसाकडे धावला. ती डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "चूक? दारुमा बाहुलीचं आपण काय करतो? नवस बोलताना एक डोळा रंगवतो, दुसरा नवस फिटल्यावर. हा आमचा दारुमा. या लीगमध्ये टिकलो की डिसेंबरला होसोगाय-सान स्वतःच्या हाताने डोळा भरणार. तोवर आम्ही पांढरे कावळे. लिहा."

त्याने लिहिलं. आणि त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू हंसांच्या एका बचावपटूच्या पाठीला लागून गोलात गेला आणि हंस एक-शून्यने जिंकले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण हे फुटबॉलच्या पाठीराख्यांना कोणी समजवावं? दुसऱ्या दिवशी तामेजींचा फोटो पेपरात होता. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. पोस्टातली मुलगी उठून वाकली. "काय डोकं चाललं हो तुमचं," असं जो तो म्हणत होता.

सोमवारी उजाडायच्या आत तामेजी टोफूच्या दुकानात हजर झाले.

"ची-चान, एकच रेघ आहे. दोन मिनिटांत ओढून देतो."

"आणि पुढची मॅच हरलो तर? गाव मला सोयाबीनबरोबर भिजत घालील."

"आणि डिसेंबरला संघ खाली गेला तर?"

चिगुसा टोफू कापता कापता थांबली. "मग न फिटलेल्या दारुमाचं करतात तेच. वर्ष संपताना देवळात नेऊन जाळायचा."

तामेजी घरी आले ते हे ओझं घेऊनच. संघ टिकला तर रेघ त्यांच्या हातून पुरी होणार. नाही टिकला तर त्यांचं शेवटचं काम आंधळंच जळणार. वीस संघांतले तळाचे तीन खाली जातात, एवढं त्यांना कळत होतं. ऑफसाइड म्हणजे काय हे मात्र ते मे महिन्यापर्यंत मित्सुएला विचारत होते.

वसंतात सगळं झकास चाललं होतं. मे अखेर हंस सातवे होते. गावाला कावळ्याचं वेडच लागलं. गोल झाला की आता घरचेच पाठीराखे काव काव करत. चिगुसाने काळ्या तिळाचा टोफू काढला, त्याचं नाव पांढरा कावळा, आणि तो दहा वाजेपर्यंत संपायचा. "जपानच्या संघाच्या छातीवर तीन पायांचा कावळा चालतो, मग आपल्याला एक डोळा कमी चालणार नाही होय?" असं ती गिऱ्हाइकांना ऐकवी.

तामेजी प्रत्येक सामन्याला जात. लोक आधी बॅनरकडे बघत, मग वळून त्यांच्याकडे बघत आणि मान लववत. चोराच्या मनात चांदणं. ही युक्ती आपली आहे असं ते एकदाही म्हणाले नव्हते. नाही असंही म्हणाले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती नऊ महिने झाकून ठेवली की बोटं दुखायला लागतात हे कोणी सांगत नाही.

मग जुलै उजाडला. दमट उन्हाळ्यात खेळाडूंचे पाय जड झाले, गोलरक्षकाने बोट मोडून घेतलं आणि हंस लागोपाठ आठ सामने हरले. सातव्याचे सोळावे झाले, सोळाव्याचे अठरावे. तेव्हा तामेजींच्या मनात एक विचार येऊन गेला: संघ खाली गेला तर बॅनर जळेल, आणि आपल्याला कोणी काही विचारणार नाही. तो विचार आला तशी त्यांना स्वतःची शिसारी आली. त्या संध्याकाळी ते गावदेवाच्या देवळात जाऊन, नाणं टाकून, दोनदा टाळ्या वाजवून आले. हे मित्सुएला सांगितलं नाही, कारण ती हसली असती.

सप्टेंबरात चिगुसाच्या दुकानाची पायरी त्यांना दिसली नाही आणि त्यांचा पाय थेट टोफूच्या हौदात गेला. चिगुसाने त्यांना टॉवेल दिला. ओला बूट घेऊन ते घरी आले, तर जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांचा कागद पसरलेला होता.

"ब्रशांना कसर लागू नये म्हणून त्या ड्रॉवरमध्ये मी चाळीस वर्षं कापूर ठेवतेय," मित्सुए म्हणाली. "कागद लपवायला तुम्हाला घरात तीच जागा सापडली?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ते सोडा. डिसेंबरला रेघ ओढायची आहे ना? मग दिसायला नको?"

ऑक्टोबरात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली तेव्हा तामेजींना पहिल्यांदा मित्सुए दिसली.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा," ती म्हणाली आणि डोळ्यांत थेंब जरा जोरातच टाकले.

पुढच्या सामन्याला त्यांनी आपला बॅनर पहिल्यांदा नीट पाहिला. ऊन आणि पावसाने काळा रंग थोडा उतरला होता, पण रेघा ठाम होत्या. एकही थरथरलेली नव्हती. आपला हात अजून चांगला आहे हे बघून त्यांना इतका आनंद झाला, की हंसांनी त्याच वेळी गोल खाल्ला हेही त्यांना कळलं नाही. आणि मधोमध ते रिकामं डोकं होतं. त्याच जागी बसून त्यांनी ठरवलं, की रेघ ओढायची वेळ आलीच तर आधी खरं बोलायचं आणि मग ब्रश उचलायचा.

शेवटचा सामना डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी होता. हंस कसेबसे सतरावे होते, अठराव्यापेक्षा दोन गुणांनी वर आणि गोलांच्या फरकातही पुढे. निदान बरोबरी हवी होती. खाचरांत खरे हंस परतले होते आणि आभाळातून पाऊस आणि बर्फ एकदमच पडत होते. तामेजींच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला ब्रश होता.

विसाव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला. एकाहत्तराव्या मिनिटाला छत्तीस वर्षांचा टकला कप्तान हिराबायाशी कुठून तरी उगवला आणि त्याने चेंडू डोक्याने आत घातला. चौदा हजार कावळे ओरडले. मग जादा वेळेत, दोन मिनिटं उरली असताना, पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. मित्सुएने नवऱ्याचा हात धरला. गेल्या तीस वर्षांत तिने चारचौघांत असं काही केलं नव्हतं. चेंडू खांबाला लागला. त्याचा आवाज तामेजींना इतका स्पष्ट ऐकू आला, की बाकीचं मैदान त्या वेळी श्वास घेत नसणार.

एक-एक. हंस टिकले. हिराबायाशी चिखलात बसून रडत होता आणि चिगुसाचा आवाज पार गेला होता. पोरांनी बॅनर उतरवून धावपट्टीवर फळ्यांवर अंथरला, रंगाचा डबा आणला, आणि कोणीतरी तामेजींच्या हातात माइक दिला. पाहुणेसुद्धा जागचे हलले नव्हते.

"मी होसोगाय," ते म्हणाले. आवाज सगळ्या मैदानावर घुमला तसे ते दचकले. "पाट्या रंगवतो. हा डोळा मी ठेवला नव्हता. राहिला. मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दारुमा वगैरे चिगुसा-सानचं डोकं. मी नुसती चूक केली. तुम्ही नऊ महिने मला नमस्कार केलेत, ते मी गुपचूप घेतले. माफ करा."

एवढं बोलून ते कमरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले. बर्फ त्यांच्या मानेवर पडून विरघळत होतं.

मग पाहुण्यांच्या कोपऱ्यातून एकच आवाज आला, "काव". उत्तर स्टँडने लगेच उत्तर दिलं, आणि मग सगळं मैदान हसत हसत काव काव करायला लागलं. चिगुसा त्यांच्या कानाशी वाकली. तिचा घसा बसलेला होता.

"होसोगाय-सान, गावाला मार्चपासून माहीत आहे. जिममध्ये तुम्ही चारदा रंगाचा डबा लाथाडलात. फरशी कोण पुसत होतं?"

तामेजींनी मान वर केली. "मग कोणी काही बोललं का नाही?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. ओढा आता रेघ, हात गारठतील."

तामेजींनी बूट काढले. पायात मोजे घालून ते कापडावर गेले, ब्रश बुडवला, डब्याच्या काठाला निथळवला आणि एका श्वासात डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. कावळ्याचा हंस झाला. रेघ सरळ होती, हे त्यांना सांगायला या वेळी कोणाची गरज लागली नाही.

"अहो," मित्सुए कडेला उभी राहून म्हणाली, "बाकीच्यांपेक्षा जास्त काळी दिसतेय ती."

बाकीच्या रेघांनी अख्खा मोसम काढला होता. तामेजी दोन पावलं मागे सरले आणि डोळे बारीक न करता नव्या रेघेकडे बघत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "उशिरा आलीय. दिसू दे."