पाहणीच्या दिवशीचे कपडे

त्या काळी जुन्या वाचनालयाच्या तळघरात मुलांना जेवण मिळायचं. आता तिथे गाड्या लावतात. पण शाळा सुटली की त्या अरुंद जिन्यावरून धडधडत उतरणारी पोरं, भिंतीलगतची बाकं आणि मोठ्या पातेल्यापाशी उभी पळीमावशी ज्यांनी पाहिली, त्यांच्या डोळ्यांपुढून ती अजून हलत नाहीत. मावशीचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. हातात सदानकदा पळी, म्हणून पळीमावशी. रागावली की ती पळी हवेत गरगर फिरायची, लागली मात्र कुणालाच कधी नाही.

तळघराचा नियम एकच होता. आलेल्या पोराला का आलास म्हणून विचारायचं नाही. घरी काही शिजलं का, बाप कामावर आहे का, एक अक्षर नाही. बसलं की वाढायचं. नियम मावशीचा, आणि गल्लीतल्या साऱ्या बायकांनी तो आपलाच असल्यासारखा पाळला.

आधी हे सगळं आसपासच्या दुकानदारांच्या जिवावर चाललं. मग कारखाना बंद पडला, गिऱ्हाईक आटलं आणि दुकानदारांनीही हात आखडता घेतला. तेवढ्यात कळलं की वस्तीने स्वतः चालवलेल्या अशा स्वयंपाकघरांचा बराचसा खर्च सरकार उचलतं. अट अशी, की पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. इथे जेवतात ती मुलं खरंच गरजेची आहेत, अशी. नाही पटली, तर महिनाअखेरीला पातेलं उपडं घालायचं, एवढं मावशीला पक्कं ठाऊक होतं.

पाहणीच्या दिवशी ती सकाळीच तळघरात आली. टोमॅटोचं सूप तिने तीनतीनदा चाखलं. पाव कापून ठेवले. पाहणीच्या मॅडम आल्या त्या कोवळ्या वयाच्या, दमलेल्या, फारसं न बोलणाऱ्या. कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्या बसल्या आणि मांडीवर कागद ठेवून वाट पाहू लागल्या.

मग पोरं उतरली आणि मावशीच्या हातातली पळी हातातच राहिली.

नेहमीची धडधड नव्हती. एकेक पाय जपून टाकत, रांगेने आली. कडक इस्त्रीचे सदरे, झालरीचे फ्रॉक, एकाला तर चक्क टाय. बारा महिने एकच उसवलेला स्वेटर घालणारा बटाट्या पांढऱ्याशुभ्र शर्टात, गळ्याचं बटण लावून, चोरासारखा उभा. सरकारचं माणूस येतंय, आपली पोरं भिकाऱ्यासारखी दिसायला नकोत, असा आयांनी विचार केलेला दिसत होता. मावशीला एकीनेही सांगितलं नव्हतं.

"रोज अशीच येतात?" मॅडमनी विचारलं.

मावशीने काहीतरी हं हं केलं आणि वाढायला घेतलं. निदान खाताना तरी बघतील, असं तिला वाटलं. पण पोरं खाईनात. वाडग्यांतून वाफ निघत होती आणि सगळ्यांचे हात मांडीवर. चिमणी म्हणून एक किडकिडीत मुलगी होती, ती वाडग्याकडे टक लावून आवंढे गिळत होती.

"भूक दिसत नाही मुलांना," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मावशी बटाट्याजवळ वाकली. खा की रे बाबा, म्हणून हळूच विनवलं. तो तिच्या कानात कुजबुजला, की शर्ट डॉक्टरांच्या मुलाचा आहे, डाग पडला तर आई सोलून काढेल.

मावशीने जिन्याकडे पाहिलं. शेवटच्या पायरीवर बटाट्याची आई उभी होती. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. इस्त्रीला आलेले गिऱ्हाइकांचे कपडे तिने साऱ्या गल्लीच्या पोरांना घातले होते, आणि संध्याकाळी ते घरोघर पोचवायचे होते.

आता खरं सांगावं, तर हिचा धंदा बुडाला. न सांगावं, तर तळघर बुडालं.

तेवढ्यात मॅडम उठल्या. मुलांना एकच प्रश्न विचारते म्हणाल्या. सकाळी काय खाल्लं, बस. मावशी पळीसकट त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"इथे ते विचारायचं नाही, मॅडम."

"मग मी दिसतंय तेच लिहीन. मला इथे एकही गरजू मूल दिसत नाही."

सुपावर साय धरायला लागली होती. मावशीने अंगावरचा एप्रन सोडला आणि बटाट्याच्या गळ्यात बांधला. मग भांडी पुसायची फडकी घेतली, एकेकाच्या गळ्यात बांधत सुटली. ती संपली तेव्हा खिडकीचा पडदा ओढून काढला. तरी शेवटच्या बाकाला काही उरेना. तिथे इस्त्रीवाली पुढे झाली. इस्त्रीच्या टेबलावर अंथरायचं आपलं जागोजाग करपलेलं कांबळं तिने काखेतून काढून पोरांच्या मांड्यांवर पसरलं.

"खा रे. डाग पडले तर माझ्यावर." मग ती मॅडमकडे वळली. "कपडे माझ्या गिऱ्हाइकांचे आहेत. मीच घातले. काय लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा, पोरांना काही विचारू नका."

पोरं तुटून पडली. कुणी बोलेना, कुणी हसेना, नुसते चमचे वाजत होते. पावाने वाडगे पुसले, पुन्हा वाढून घेतले. बटाट्याने सुपात बुडवलेला अर्धा पाव एप्रनखालून गुपचूप शर्टाच्या खिशात कोंबला. घरी धाकटी होती, तापाने पडलेली. पांढऱ्या खिशावर लाल ओल पसरत गेली. ती त्याच्या आईने पाहिली, मॅडमनीही पाहिली. दोघींपैकी एकीनेही त्याला अडवलं नाही.

जाताना मॅडम पातेल्यात डोकावल्या. तळ दिसत होता.

"पातेलं रिकामं झालं, असं लिहिते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कपड्यांचा रकाना नाही माझ्याकडे."

"मदत मिळेल?" मावशीने विचारलं.

"माझी सही लागते. करतेय."

आणि जिन्यावर टेकूनच त्यांनी ती केली.

मावशीला हसावं की रडावं कळेना, पण इस्त्रीवाली दोन्ही विसरली होती. तळघराच्या मोरीत ती तो शर्ट चोळत होती. साबण झाला, लिंबू झालं, मीठ झालं. डाग फिका पडला, गेला नाही. मग तिने कोपऱ्यावरून आपली निखाऱ्याची इस्त्री आणून शर्ट वाळवला आणि घडी घातली, ती नेमका खिसा वर येईल अशी.

"अगं, आत तरी घाल तो डाग," मावशी म्हणाली.

"नको. डॉक्टरांच्या घरी घडी उलगडतील तेव्हा मी तिथे नसेन. मग चोरून वापरला म्हणतील."

मावशीने हात पुसले, तळघराला कुलूप घातलं आणि तिच्याबरोबर निघाली. दोघी डॉक्टरांच्या दारापाशी आल्या. घंटा वाजवल्यावर मावशीने विचारलं, मी बोलू का.

"नको, मावशी. तू फक्त जाऊ नकोस."

आतून चपलांचा आवाज जवळ आला. इस्त्रीवालीने शर्ट दोन्ही हातांनी पुढे धरला.